रीता वरच्या मजल्यावर आहे

आमच्या ऑफिसात सकाळचं पहिलं काम फायलींचं नसतं. पहिलं काम रीताला वर चढवायचं असतं. इश्वर शिपाई, विक्की ड्रायव्हर, धर्मेंद्र चौकीदार आणि भूपेंद्र नावाचा तरुण लिपिक, असे चौघे पोर्चमध्ये जमतात. तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकून येतात, हात झटकतात. रीता आपल्या तीनचाकीवरून लाकडी खुर्चीत सरकते. या खुर्चीला इश्वरने दोन्ही बाजूंनी बांबू बांधून ठेवलेत. वरचे दोघे बांबू हातात धरतात, खालचे दोघे खांद्यावर घेतात, म्हणजे खुर्ची कलत नाही. "सांभायून रे, भिताड लागते," असं इश्वर रोज म्हणतो आणि मंडळी जिना चढायला लागतात. संध्याकाळी हेच सगळं उलट होतं.

मी रीताच्या शेजारच्या टेबलावर बसते. पेन्शनची प्रकरणं बघते, कुंभलकर मॅडम म्हणतात मला. ऑफिस कोणत्या खात्याचं ते सांगणार नाही, उगाच कोणाला तरी मिरच्या झोंबायच्या. भंडारा जिल्ह्यातलं आहे, हायवेला लागून आहे, ट्रक गेला की खिडक्यांची तावदानं वाजतात, एवढं पुरे.

रीता कापगते मूळची सानगडीची. धानाची शेती, तलावाच्या पाळीला लागून बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. दोन वर्षांची असताना ताप आला आणि दोन्ही पाय गेले. बाप सेवकराम तिला पाठीवर घेऊन शेतात जायचा, मोहाच्या झाडाखाली ठेवायचा आणि मग आईबाप दोघंही धानाची रोपं लावायला, रोवण्याला लागायचे. चिखलात उतरलेली माणसं संध्याकाळपर्यंत वर येत नाहीत. सावली सरकली की पोरगी हातांवर सरकत सावलीच्या मागे जायची. हाताला खडे टोचतात म्हणून सेवकरामने तिला रबरी चपला आणून दिल्या, हातात घालायला. त्या चपला घालून रीता पुढे गावभर हिंडली. तलावाच्या पायऱ्या उतरली, शाळेत गेली, मंडईच्या जत्रेतल्या नाटकाला सगळ्यांच्या पुढे जाऊन बसली. हे ती मला सांगते तेव्हा तिचे डोळे चमकतात. "ताई, तवा मले कोनीच उचलत नोहतं," म्हणते.

मग कॉलेज, मग परीक्षा, मग दिव्यांगांच्या राखीव जागेतून लिपिकाची नेमणूक. सानगडीत पेढे वाटले. तिची आई कुंताबाई मुलीसोबत तालुक्याला खोली करून राहायला आली, बाप शेतीजवळ राहिला. रुजू व्हायच्या दिवशी रीता नवी साडी नेसून तीनचाकीवरून आली. तिची शाखा वरच्या मजल्यावर, हे तिला दारात कळलं. तिने काही विचारलं नाही. पिशवीतून त्या रबरी चपला काढल्या, हातात घातल्या आणि पायरी पायरी चढायला लागली.

जिन्याच्या कोपऱ्यांत खर्र्याच्या पिचकाऱ्या. बाजूला कामासाठी आलेल्या लोकांची रांग. कोणीतरी मोबाईल काढला. तेवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले आणि ओरडले, "अरे, बघताय काय! उचला त्यांना!" चौघे धावले. रीता "नोको जी, मी चढतो ना" म्हणत होती, पण तोवर तिला उचललं होतं. साहेबांनी त्याच दिवशी सगळ्यांना बजावून ठेवलं, की या मॅडम पुन्हा जमिनीवरून सरकताना दिसता कामा नयेत, चांगलं दिसत नाही. चांगलं कोणाला दिसत नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.

तेव्हापासून रीता सकाळी वर जाते आणि संध्याकाळी खाली येते. मधला सगळा वेळ ती वर असते. आता हे वाक्य वाचून तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं, सगळेच ऑफिसात दिवसभर असतात. मग ऐका. आम्ही चहाला खाली जातो. कोणाचा वाढदिवस असला की खाली अंगणात केक कापतो. सव्वीस जानेवारीला सगळे झेंड्याखाली उभे असतात आणि रीता वरच्या खिडकीतून राष्ट्रगीत म्हणते. तिला तिथून झेंडा दिसतो, माणसं दिसत नाहीत, कारण मध्ये पोर्चचं छत येतं. सुट्टीचा दिवस, म्हणून त्या दिवशी मी तिला म्हटलं होतं, कशाला येतेस. म्हणाली, "हजेरी तं वरच लागते ना ताई."

आणि खरी गोष्ट वेगळीच आहे. वरच्या मजल्यावर एकच संडास आहे, तोही साहेबांच्या केबिनला लागून, आणि त्याच्या उंबऱ्याची पायरी गुडघाभर. बायकांचं खाली मागच्या अंगणात आहे. तिथं तीनचाकी दारापर्यंत जाते आणि आत भिंतीला धरायला दांडा आहे, रीताचं भागतं. पण तिथे जायचं म्हणजे चार माणसांना हाका मारायच्या, चार माणसांनी कामं सोडून यायचं, आणि सगळ्या ऑफिसाला, सगळ्या रांगेला कळायचं, की मॅडम कुठे चालल्या. एकतीस वर्षांची बाई. तुम्ही माराल हाका?

म्हणून रीता पाणी पीत नाही. सकाळी उठल्यापासून घोटभरसुद्धा नाही. चहा आला की "आताच घेतला" म्हणते. धानाच्या गावची पोर, पण दुपारच्या डब्यात भात-वरण आणत नाही, कारण भाताने तहान लागते. कोरडी पोळी आणि चटणी चावत बसते. मे महिन्यात आमच्याकडे खुर्चीचे हातसुद्धा चटके देतात, त्या मे महिन्यात ती ओठांवरून जीभ फिरवत फायली लिहिते. दोनदा लघवीला जळजळ होऊन ताप आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भरपूर पाणी प्या. रीता मला ते सांगताना हसली. मला हसू आलं नाही, मला संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

मी एकदा तिला म्हटलं, साहेबांचं काय ऐकतेस, सरळ चपला घाल हातात आणि उतर. तिने फायलीची दोरी बांधली. मग म्हणाली, "ताई, सरकारनं मले खुर्ची देली. आता मी पुन्हा जमिनीवर काहून येऊ? माह्या गावचे लोकं रांगेत उभे रायतेत." तिचं बरोबर होतं. 

दरम्यान आमच्या ऑफिसाचं नाव झालं होतं. कोणीतरी चौघांचा फोटो काढून पेपरात दिला. 'माणुसकीचा खांदा' असा मथळा. फोटोत चौघे घामाने निथळलेले आणि मधे खुर्चीत रीता, मान खाली घातलेली. साहेबांनी तो फोटो मोठा करून, काच लावून जिन्याच्या पहिल्या वळणावर टांगला. रोज चढताना आणि उतरताना रीता स्वतःला त्यात बघते. तिनेच एकदा मला त्या वळणावरून वर आल्यावर सांगितलं, "ताई, चौघं जन उचलतेत मले. फक्त राम नाम म्हनायचं राहिलं." असं भलतंसलतं बोलू नये, म्हणून मी रागावले. पण त्यानंतर त्या चौघांना येताना पाहिलं की मलाही दुसरं काही सुचेना.

वास्तविक उपाय समोर होता. खाली पोर्चला लागून एक मोठी खोली आहे. उजेड आहे, वारा आहे, मागच्या अंगणात उघडणारं दार आहे. पोर्चच्या पायऱ्यांना एक उतार बांधला की रीता तीनचाकीवरून थेट टेबलापर्यंत. पण त्या खोलीत मोडक्या खुर्च्या आहेत. पाठ तुटलेल्या, पाय तुटलेल्या, वीस-वीस वर्षांच्या. सरकारी वस्तू मोडली तरी फेकता येत नाही, तिचं निर्लेखन व्हावं लागतं, त्यासाठी समिती बसावी लागते, आणि समिती काही बसत नाही. "मोडक्या खुर्च्या खाली अन् मी वर," रीता म्हणाली. "त्याहिले कोनता कोटा लागला ताई?"

तिने रीतसर अर्ज दिला: माझी बैठक खालच्या खोलीत करावी. साहेब गोड बोलणारे. म्हणाले, "बघू, नक्की बघू. पण रीता मॅडम, तुम्हाला इथे काही कमी आहे का? आपलं ऑफिस तर आदर्श म्हणतात लोक." अर्ज ट्रेमध्ये गेला. पण बातमी खाली पोहोचली, आणि दुसऱ्या दिवशी चौघांचे चेहरे पडलेले. भूपेंद्र सरळ बोलेना. इश्वर दुपारी वर आला आणि तिच्या टेबलापाशी उभा राहिला.

हा इश्वर म्हणजे देवमाणूस. मी हे उपरोधाने म्हणत नाही. निवृत्तीला आलेला, गुडघे दुखतात, तरी रीतासाठी एक दिवस सुट्टी घेत नाही. "मी नाही आलो तं बाईले कोन उचलन?" म्हणतो. दिवाळीनंतर त्याच्या गावची मंडई असते, घरात पाहुण्यांचा राबता असतो, बायको वाट बघत असते, तर मागच्या खेपेला हा गेलाच नाही. अशा माणसाच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी होतं.

"बाई, आमचं काही चुकलं का जी? आमी कधी नाही म्हनलं का? अंगात ताप असला तरी येतो ना."

"नाही ना भाऊ," रीता म्हणाली. "तुमचं काहीच नाही चुकलं. म्हनूनच तं मले बोलता येत नाही."

इश्वरला यातलं काय कळलं कोण जाणे. तो समाधानाने मान हलवून खाली गेला. रीताने अर्जाचा विषय पुन्हा काढला नाही. वाईट माणसाशी भांडता येतं हो. चांगल्या माणसाशी कसं भांडायचं? मी चिडले तर साहेबांवर चिडू शकत होते. तिला तर रोज सकाळी त्या चौघांच्या खांद्यांवरूनच वर यायचं होतं.

मग डिसेंबरात जिल्ह्यावरून पत्र आलं. कोणत्या ऑफिसात दिव्यांग कर्मचाऱ्यांची काय सोय आहे, हे बघायला पथक येणार होतं. साहेबांची धावपळ उडाली. आदल्या दिवशी मोडक्या खुर्च्या निघाल्या. होय, निघाल्या. ज्यांच्यासाठी समिती बसायला हवी होती, त्याच खुर्च्या शिपायांनी दुपारभरात ओढून मागच्या शेडमध्ये टाकल्या. भिंतींना चुना लागला. पोर्चच्या पायऱ्यांवर लाकडाचा रुंद, मजबूत उतार बसला, वर हिरवी चटई. रीताचं टेबल खाली आलं. टेबलावर झेंडूची फुलं आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रीता पोर्चसमोर आली आणि थांबली. चौघे हात झटकत उभे नव्हते. समोर उतार होता. तिने दोन्ही हातांनी तीनचाकी रेटली आणि एका दमात वर आली, खोलीत आली, टेबलाशी आली. तिला कोणी हात लावला नाही. मी मुद्दाम खाली जाऊन बघत होते. ती मागच्या दारातून अंगणात गेली, परत आली, पुन्हा गेली, परत आली. लहान पोरीसारखी. मग मला म्हणाली, "ताई, पानी आहे का?" मी माझी बाटली दिली. तिने ती तोंडाला लावली आणि थांबलीच नाही. पुरी बाटली संपवली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "किती गोड आहे तुमच्या घरचं पानी." नळाचंच पाणी ते.

पथक आलं. फोटो काढले. साहेब म्हणाले, "रीता मॅडमची बैठक आम्ही खास खाली केली आहे." पथकातल्या बाई भल्या होत्या. त्या रीतासमोर खुर्ची घेऊन बसल्या आणि विचारलं, "काही अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा." साहेब बाजूला उभे होते, पण रीताने साहेबांकडे बघितलंसुद्धा नाही. तिच्या तोंडावरून आनंद ओसंडत होता. "नाही जी," ती म्हणाली. "आता मले काही अडचन नाही." बाईंनी ते लिहून घेतलं. जेवून पथक लाखनीकडे गेलं.

त्यांची गाडी दिसेनाशी झाली न झाली, तोच एक ट्रॅक्टर आवारात शिरला. मंडपवाल्याचा. त्याची दोन माणसं उतरली, त्यांनी हिरवी चटई गुंडाळली आणि उतार उचकटायला घेतला. तो नाटकाच्या स्टेजचा होता. सामानसुमान वर चढवायला स्टेजच्या मागे लावतात, तो. जवळच्या गावात त्यांचं नाटक होतं आणि सामान वेळेवर पोहोचवायचं होतं. मी ओरडले, "अहो, काय करून राहिले तुम्ही?" तो म्हणाला, "दुपारपर्यंतच देल्लं होतं मॅडम. साहेबाले ठाऊक आहे." मागच्या शेडमधून खुर्च्या परत यायला लागल्या, कारण शेड गाडीची, आणि साहेबांची गाडी उन्हात उभी होती.

रीता खोलीत बसून हे सगळं बघत होती. तिच्या भोवती एकेक मोडकी खुर्ची येऊन पडत होती. ती साहेबांकडे कागद पाठवणार, तेवढ्यात साहेबच दारात आले. नेहमीसारखेच गोड. "मॅडम, कायमस्वरूपी उताराला मंजुरी लागते, निधी लागतो. प्रस्ताव पाठवता आला असता. पण आता तुम्हीच सांगितलंत ना, अडचण नाही म्हणून? तसा अहवाल गेला." आणि मागे चौघे उभे होते, बांबूची खुर्ची घेऊन. इश्वर हसून म्हणाला, "चला बाई. आमाले करमत नोहतं तुमच्याबिगर." त्याच्या मनात खोट नव्हती. तो खरंच खूश होता.

मागोमाग तिचं टेबलही वर आलं आणि रीता फाईल उघडून बसली. मी तिच्याकडे बघत होते. थोड्या वेळाने तिचा पेन थांबला. तिने ओठ दाबले. एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा जिन्याकडे. मला आठवलं, की ती बाटलीभर पाणी प्यायली होती. मी म्हटलं, "मी बोलावते त्यांना." ती नको म्हणाली. कपाळावर घाम होता, डिसेंबरात. मग तिने मान वर केली आणि इतक्या मोठ्याने हाक मारली, की रांगेतली माणसंसुद्धा वळली. "इश्वरभाऊ! मले संडासले जायचं आहे. खाली न्या."

 चौघे आले. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. तिला खाली नेलं, वर आणलं. इश्वरचे कान लाल झाले होते. रीता मात्र शांत होती. मला म्हणाली, "बस. झालं ना ताई. हाक मारून झाली. आता काय उरलं लाजायचं?"

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर मोठी बाटली आली. शेतावर नेतात तशी, दोन लिटरची. ती समोरच ठेवायची. चहा आला की घ्यायची. डब्यात भात-वरण यायला लागलं, कुंताबाईने सोबत ताकही द्यायला सुरुवात केली. आणि रीता हाका मारायला लागली. सकाळी, जेवणाआधी, जेवणानंतर, दुपारी. हळू आवाजात नाही. साहेबांसमोर जिल्ह्याचे पाहुणे बसलेले असोत, की मीटिंग चाललेली असो, "इश्वरभाऊ, खाली."

माणुसकीचा खांदा पहिले काही दिवस टिकला. मग विक्कीला नेमकी त्याच वेळी साहेबांची गाडी धुवायची असायची. भूपेंद्रची कंबर धरली. धर्मेंद्र म्हणाला, गेटवर कोणी नसतं, चोऱ्या होतील. रांगेतल्या लोकांना इश्वर हात जोडून बोलवायला लागला, "जरा हात लावा ना जी." साहेबांनी रीताला बोलावलं नाही, इश्वरला बोलावलं आणि विचारलं, हे काय चाललंय. खालच्या खोलीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. प्रत्येक खेपेला ते तिला त्याच खोलीच्या दारावरून नेत होते. आत खुर्च्या आरामात पडलेल्या होत्या.

परवाची गोष्ट. दुपारी इश्वर एकटाच वर आला. दम लागला होता. रीताच्या टेबलाशी आला आणि खाली फरशीवरच बसला, गुडघ्याला हात लावून. रीताचा चेहरा मऊ झाला.

"लय दुखते का भाऊ?"

"चालते," इश्वर म्हणाला. मग बराच वेळ बोटाने फरशीवर रेघा ओढत राहिला.  शेवटी त्याने वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत पुन्हा पाणी होतं. अगदी प्रेमाने, धाकट्या बहिणीला समजवावं तसा म्हणाला,

"बाई, तुमी पानी जरा कमी पेत जा ना."

मी माझ्या टेबलावरून उठले होते. माझ्या तोंडात काय काय आलं होतं ते इथे लिहिता येणार नाही. पण रीताने हात वर करून मला थांबवलं. ती इश्वरकडे बघत राहिली. रागाने नाही. तिला खरंच त्याची दया येत होती, मला ते दिसत होतं.

मग तिने बाटली ओढली, झाकण काढलं आणि त्याच्या डोळ्यांत बघत घटाघटा पाणी प्यायली. अर्धी बाटली संपेपर्यंत थांबली नाही. झाकण लावलं, पदराने तोंड पुसलं.

"चला भाऊ," ती म्हणाली. "खाली."